क्लाउस मॅकेला: मिरजेच्या माडीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका शनिवारी एका घराच्या माडीवर सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचना, ऐकायला बसतो. गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकला गेला तो फिनलंडचा तरुण कंडक्टर क्लाउस मॅकेला, आणि सगळ्यात जास्त प्रश्नही त्याच्यावरच आले. बैठकीत आले, व्हॉट्सॲपवर आले, सांगली-मिरज सिटी बसमध्ये उभ्या उभ्याही आले. तेच ते टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

१. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर हिंदी गाणी म्हणतात तोच ना? आणि कंडक्टर कुठून आला, एसटीतून?

हा प्रश्न चेष्टेत येतो, पण दर वेळी येतो. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मध्यभागी गायक असतो, वादक त्याच्या मागे. सिंफनी ऑर्केस्ट्रात गायक बहुतेक वेळा नसतोच. ऐंशी ते शंभर वादक बसलेले असतात. त्यातले निम्म्याहून जास्त व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास वाजवणारे. मागे बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट आणि सगळ्यात मागे नगाऱ्यांसारखे टिंपनी. प्रत्येकासमोर फक्त त्याच्या वाद्याचा कागद. सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं पुस्तक एकाच्याच समोर असतं, तो कंडक्टर.

एसटीशी तुलना तशी वाईट नाही. गाडी तो चालवत नाही, पण त्याची डबल बेल पडल्याशिवाय ती हलतही नाही.

२. नाव नेमकं म्हणायचं कसं? मकेला, माकेला की मॅकेला?

मॅकेला. पहिल्या अक्षरावर जोर, कारण फिनिश भाषेत जोर कायम पहिल्याच अक्षरावर असतो. काटेकोर बोलायचं तर शेवटही ‘लॅ’ असा होतो, पण मराठी जिभेला ते जड जातं, सोडून द्या. ‘मॅकी’ म्हणजे टेकडी आणि शेवटचा प्रत्यय म्हणजे ठिकाण. आपल्याकडे टेकाडे किंवा डोंगरे असतात, तसंच हे आडनाव.

३. हा मुलगा आहे कोण? दोन मिनिटांत सांगा.

जन्म हेलसिंकीचा, १७ जानेवारी १९९६. वडील चेलोवादक, आई पियानोवादक. लहानपणी फिनलंडच्या राष्ट्रीय ऑपेराच्या बालवृंदात गायचा. तिथेच, रंगमंचावरून खाली कंडक्टरकडे बघताना, आपणही हेच करायचं असं त्याच्या मनाने घेतलं. स्वतः चेलो शिकला आणि बाराव्या वर्षापासून सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला या गुरूकडे कंडक्टिंग.

पुढचा वेग बघा. २०१८ मध्ये स्वीडिश रेडिओच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख पाहुणा कंडक्टर. त्याच वर्षी ऑस्लो फिलहार्मोनिकने मुख्य कंडक्टर म्हणून निवड जाहीर केली, २०२० मध्ये सूत्रं हातात. जून २०२० मध्ये पॅरिसच्या ऑर्केस्त्र द पारीने त्याला आपला संगीत संचालक म्हणून निवडलं. जून २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रॉयल कॉन्सर्टगेबाउ ऑर्केस्ट्राने जाहीर केलं की २०२७ पासून आमचा मुख्य कंडक्टर हाच. एप्रिल २०२४ मध्ये शिकागो सिंफनीनेही संगीत संचालक म्हणून त्याचंच नाव जाहीर केलं, तेही २०२७ पासूनच. मधे एप्रिल २०२३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसमोर पहिल्यांदा उभा राहून झालं होतं. हे सगळं तिशीच्या आत. (हे योग्य का, ते प्र. ८ आणि ११ मध्ये.)

४. स्वतः एक सूरही काढत नाही, मग करतो तरी काय?

कार्यक्रमाच्या रात्री आपल्याला दिसतं ते कामाचं शेपूट. खरं काम तालमीत. एका कार्यक्रमासाठी साधारण तीन-चार तालमी मिळतात, प्रत्येकी दोन-अडीच तासांच्या. एवढ्या वेळात ठरवायचं की इथे हॉर्न दबून वाजायला हवेत, तिथे व्हायोलिनचा गज जास्त लांब हवा, हा स्वर मागच्या स्वराला चिकटून यायला हवा. वादक स्वतः पट्टीचे असतात. त्यांना कसं वाजवायचं हे सांगावं लागत नाही. कोणाचं ऐकत वाजवायचं, एवढंच सांगावं लागतं.

कार्यक्रमात उजवा हात बहुतेक लय दाखवतो, डावा भाव. सगळ्यात महत्त्वाची हालचाल म्हणजे पहिल्या ठोक्याआधी वर जाणारा हात. त्या उचलण्यातच लय, जोर, आवाजाचा पोत सगळं सांगून झालेलं असतं. तबल्यावर ठेका पडायच्या आधी वादक श्वास घेतो आणि गायकाला कळतं आता काय येणार, तसं. मॅकेला तर मधेच हात खाली सोडून नुसता बघत उभा राहतो. तेव्हा वादक एकमेकांकडे कान देतात. माझ्या मते त्याची अर्धी कला या हात सोडण्यात आहे.

५. व्हिडिओत त्याचा हात आधी खाली येतो आणि आवाज मागून येतो. आमचं नेट स्लो आहे का?

नेट ठीक आहे. युरोपातले बरेच मोठे ऑर्केस्ट्रा ठोक्याच्या किंचित मागेच वाजवतात. हात खाली आला की वादक थोडं थांबतात, एकमेकांचा अंदाज घेतात आणि मग स्वर सोडतात, त्यामुळे आवाज टणकन न येता फुलत येतो. नवख्या कंडक्टरची इथेच फसगत होते: आवाज मागे पडला असं वाटून तो त्याची वाट बघतो, मग ऑर्केस्ट्रा त्याची वाट बघतो आणि लय चिखलात रुतते.

६. सगळं कागदावर छापलेलं असतं, मग प्रत्येक कंडक्टरचं वेगळं का ऐकू येतं?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचा हा लाडका आक्षेप: “नकाशा एकच, मग धरण वेगळं कसं?”

कागदावर स्वर आहेत, त्यांची लांबी आहे, ‘हळू’, ‘जोरात’ असे शब्द आहेत. पण किती हळू? रशियन संगीतकार शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी घ्या. १९३७ मध्ये लेनिनग्राडला पहिल्यांदा वाजली. तिच्या शेवटच्या भागाच्या लयीवर आजही भांडणं होतात, कारण वेगवेगळ्या आवृत्त्यांत लयीचा आकडा वेगळा छापला गेला आणि दोन वाचनांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. जलद घेतलं तर तो शेवट विजयाची मिरवणूक वाटतो. संथ घेतलं तर कोणीतरी दंडुका घेऊन उभा आहे आणि लोकांना ‘आनंद करा’ म्हणतोय असं वाटतं. स्टालिनच्या काळात लिहिलेलं संगीत आहे, तेव्हा हा फरक नुसता लयीचा राहत नाही. मॅकेलाने ऑस्लोबरोबर चौथी, पाचवी आणि सहावी अशा तीन सिंफनी रेकॉर्ड केल्यात. एखाद्या जुन्या रेकॉर्डिंगनंतर लगेच त्याची पाचवी लावा. काकांनी तसं केलं. आता ते नकाशाबद्दल बोलत नाहीत, पण जुनं रेकॉर्डिंगच बरं म्हणतात.

७. मग मॅकेलाची खासियत काय? डोळे मिटून ऐकलं तर ओळखायचा कसा?

डोळे मिटून ओळखता येईलच याची हमी मी देत नाही. पण तीन गोष्टी मला परत परत जाणवतात.

पहिली, वाद्यांची सरमिसळ. इथे मिरजेतलंच उदाहरण देतो, कारण याहून चांगलं मला सुचत नाही. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय कधी? घोडीचा माथा घासून झाला, तार चढवली, तरी आवाज नुसता ‘टण्’ असा कोरडा येतो. मग कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी अचानक तार उघडते आणि एका स्वरातून चार स्वर ऐकू यायला लागतात. दोरा जरा पुढे गेला की परत बंद. मॅकेलाच्या ऑस्लो रेकॉर्डिंगमध्ये तंतुवाद्यांचा आवाज मला असा उघडलेला वाटतो. कुठलंच वाद्य मुद्दाम पुढे येत नाही, पण झाकलंही जात नाही. तो स्वतः चेलोवादक आहे, आतल्या खुर्चीवरून ऑर्केस्ट्रा कसा ऐकू येतो हे त्याला ठाऊक आहे, त्याचा हा गुण असावा.

दुसरी, लांब श्वास. संथ भागात त्याला घाई नसते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात किराणा घराण्याची आलापी ऐकत वाढलेल्यांना हे लगेच आवडतं. एक स्वर ठेवला की त्याचं पुरतं होईपर्यंत पुढे जायचं नाही. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस, त्याच्या सातही सिंफनींचा मॅकेलाने केलेला संच २०२२ मध्ये आला. डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी मॅकेलाचं ते पहिलंच काम होतं, आणि त्यात हे जागोजागी आहे.

तिसरी, हळू आवाजाची हौस. जोरात वाजवणं कुठल्याही मोठ्या ऑर्केस्ट्राला जमतं. नव्वद माणसं एकदम कुजबुजतात तेव्हा मजा. या तिसऱ्या गुणाने आमच्या बैठकीत फार त्रास दिला आहे (प्र. १६).

८. वयाच्या विशीत एवढी मोठी पदं? आपल्याकडे गुरूसमोर वीस वर्षं तंबोरा धरावा लागतो. याचा रियाज झाला कधी?

आमच्या भागातला मनापासूनचा आक्षेप हाच, आणि तो मला पटतोही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी याच मिरजेत बाळकृष्णबुवांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, हे आम्हाला शाळेपासून ऐकवलं गेलंय.

पण कंडक्टरची एक अडचण आहे. गायक पहाटे उठून एकटा खर्ज लावू शकतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे शंभर माणसं, आणि ती घरी येत नाहीत. आरशासमोर काठी हलवून काही कळत नाही. पानुलांची पद्धत इथेच वेगळी: वर्गातच विद्यार्थ्यांसमोर खरे वादक बसवायचे, मुलाने त्यांच्यासमोर उभं राहायचं, कॅमेरा चालू, आणि नंतर ते चित्रण बघत चुका काढायच्या. म्हणजे मॅकेलाने बाराव्या वर्षापासून माणसांसमोरच रियाज केला. विशीत तो ऑस्लोला पोचला तेव्हा त्याच्या वयाच्या इतरांच्या मानाने त्याचे खूप तास भरलेले होते.

आणि तो पहिला नाही. आपले मुंबईचे झुबिन मेहता, जन्म १९३६, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले, म्हणजे सव्विसाव्या वर्षी. इंग्लंडचे सायमन रॅटल १९८० मध्ये पंचविसाव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राकडे गेले. ज्या ॲमस्टरडॅमने मॅकेलाला निवडलं, तिथेच विलेम मेंगेलबर्ग १८९५ मध्ये मुख्य कंडक्टर झाले ते चोविसाव्या वर्षी, आणि पुढे पन्नास वर्षं राहिले. मेहता, रॅटल यांनी एकेका ऑर्केस्ट्राला धरून वर्षं काढली. मॅकेलाबद्दल मला काळजी वाटते ती वयाची नाही, ठिकाणांच्या संख्येची.

९. फिनलंडमध्येच एवढे कंडक्टर का पिकतात?

फिनलंडची लोकसंख्या छप्पन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाख आणि सातारा ३० लाख. म्हणजे हे दोन जिल्हे मिळून एक फिनलंड होतो, वर थोडे उरतात. तेवढ्यातून एसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते, साकारी ओरामो, ऑस्मो वॅन्स्का आणि आता मॅकेला, तार्मो पेल्तोकोस्की निघाले. सगळे पानुलांचेच शिष्य.

एक कारण पानुला (प्र. ८). दुसरं, गावोगावच्या संगीतशाळा, ज्यांना सरकारी पैसा मिळतो. तिसरं, छोट्या छोट्या शहरांतही व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आहेत, त्यामुळे शिकाऊ माणसाला उभं राहायला जागा मिळते. आपल्याकडे कुस्तीचं जसं आहे तसं समजा. गावात तालीम असली की पैलवान तयार होतात.

१०. तो एकदम चार ऑर्केस्ट्रा सांभाळतो असं वाचलं. खरं का?

एका वेळी चार नाही. ऑस्लो आणि पॅरिस ही दोन पदं २०२७ मध्ये संपतात आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅम आणि शिकागो सुरू होतात. मधल्या काळात बातम्यांत चारही नावं एकत्र येतात म्हणून गोंधळ. ‘मुख्य कंडक्टर’ आणि ‘संगीत संचालक’ यांतही फरक असतो. संचालकाला वादकांची निवड, हंगामाची आखणी, देणगीदारांशी गाठीभेटी असं बरंच जास्तीचं ओझं असतं, अमेरिकेत तर फारच.

ॲमस्टरडॅम आणि शिकागो मिळून वर्षातले पंचवीसेक आठवडे जातील. हे पद म्हणजे रोजची हजेरी नव्हे.

११. समीक्षक त्याच्यावर नाराज का असतात? मत्सर?

थोडा असेलही. पण आक्षेप दखल घेण्यासारखे आहेत. एक असा की क्षण सुंदर होतात, इमारत उभी राहत नाही. चाळीस मिनिटांच्या सिंफनीत दहाव्या मिनिटाला जे पेरलं ते पस्तिसाव्या मिनिटाला उगवायला हवं. नुसता गुळगुळीत, चमकदार आवाज ठेवला तर ऐकणारा प्रत्येक वळणावर ‘वा’ म्हणतो आणि शेवटी कुठे पोचलो हे त्याला कळत नाही. ख्यालातही हेच होतं: जागा सगळ्या सुरेख, राग मात्र उभा राहिला नाही.

रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ आणि ‘फायरबर्ड’ या बॅलेंची (नृत्यनाट्यांची) पॅरिसबरोबरची रेकॉर्डिंग ऐकताना मलाही हे वाटलं. ‘राइट ऑफ स्प्रिंग’ १९१३ मध्ये पॅरिसलाच पहिल्यांदा झालं तेव्हा प्रेक्षागृहात गदारोळ झाला होता. मॅकेलाचं वाजतं इतकं नेटकं की गदारोळ कशावर करायचा? ‘फायरबर्ड’मध्ये मात्र तोच नेटकेपणा जादू करतो. सिबेलियसच्या बाबतीत माझं मत समीक्षकांहून वेगळं आहे. तिथे त्याचं थांबणं मला इमारतीचाच भाग वाटतं. बैठकीतले निम्मे लोक याला सहमत नाहीत.

दुसरा आक्षेप मोठ्या संस्थांवर आहे: एकाच नावामागे सगळे धावले. यात त्या पोराचा काय दोष? कॉन्सर्टगेबाउची जागा २०१८ पासून रिकामी होती. बोलावणं आल्यावर नको म्हणणारा माणूस अजून मी पाहिलेला नाही.

१२. यात सम कुठे असते? मला सापडतच नाही.

कंडक्टरचा हात सरळ खाली येतो तो मात्रागटाचा पहिला ठोका, तीच सम समजा. पण आपल्यासारखं आवर्तन इथे नसतं. सोळा मात्रांनी परत त्याच जागी यायचं असा करार नाही. ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या शेवटच्या नाचात तर जवळजवळ प्रत्येक गटाला मात्रा बदलतात: तीन, दोन, पाच, परत तीन. मॅकेलाचा चित्रित कार्यक्रम बघा आणि फक्त उजव्या हातावर लक्ष ठेवा. आमच्या बैठकीतला तबलजी पहिल्या दिवशी बोटं मोजता मोजता उठून गेला. आता त्याला ते पाठ आहे.

१३. टाळ्या कधी वाजवायच्या? मधे ‘वाहवा’ चालते का?

मधे दाद नाही. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात आणि भागांमध्येही शांत बसतात. शेवटी कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले की मगच.

सिबेलियसची पाचवी हा सापळा आहे. ती सहा जोरदार स्वरपुंजांनी संपते आणि प्रत्येकाच्या मधे चक्क शांतता आहे. आमच्याकडे पहिल्यांदा लावली तेव्हा पहिल्या ठोक्यालाच टाळ्या पडल्या. दुसरा आला, लोक ओशाळले. तिसऱ्यानंतर एकाने परत सुरू केल्या. चौथ्याच्या आधी चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी दारातच थबकल्या. सहाव्यानंतर, खरोखर संपल्यावर, कोणीच टाळी वाजवली नाही. सगळे सातव्याची वाट बघत होते.

१४. सुसाना मॅल्की आणि हा एकच घराण्यातले का?

नाही. नावं जवळची, देश एक, आणि दोघंही चेलोवादक, त्यामुळे गल्लत होते. सुसाना मॅल्की १९६९ च्या. २०१६ ते २०२३ हेलसिंकी फिलहार्मोनिकच्या मुख्य कंडक्टर होत्या. आवर्जून ऐका.

१५. माझी मुलगी सांगलीत नववीत आहे, की-बोर्ड वाजवते आणि कंडक्टर व्हायचं म्हणते. काय करू?

आधी तिला शाबासकी द्या. मग की-बोर्डवरून पियानोकडे वळवा, आणि जमलं तर व्हायोलिन किंवा चेलो, म्हणजे चार जणांत बसून वाजवायची सवय लागेल. कंडक्टिंग हे दुसरं पाऊल असतं, पहिलं एखादं वाद्य. स्वरलिपीचं वाचन आणि हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची मांडणी) लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांमधून शिकता येते. पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची अकादमी आहे, चेन्नईला केएम कॉन्झर्व्हेटरी आहे.

आणि लग्नसराईत एखाद्या बँडमास्तरकडे नीट बघायला सांगा. एका हातात क्लॅरिनेट, घोड्याच्या मागे चालत, वरात थांबली की पंचवीस माणसांना भुवईच्या इशाऱ्याने दुसऱ्या गाण्यावर नेतो. हे मी थट्टेने म्हणत नाही.

१६. सुरुवात कशाने करू? मोबाईलच्या स्पीकरवर चालेल का?

मोबाईलचा स्पीकर नको. डबल बास आणि टिंपनी त्यात ऐकूच येत नाहीत, म्हणजे घराचा पाया गेला. साधे वायरचे हेडफोनही चालतील. ऑस्लो फिलहार्मोनिकने मॅकेलाचे बरेच कार्यक्रम यूट्यूबवर पूर्ण टाकलेत, खर्च काही नाही. ‘फायरबर्ड’ आधी, मग सिबेलियसची पाचवी (प्र. १३ वाचून), शोस्ताकोविच नंतर, ‘राइट ऑफ स्प्रिंग’ सगळ्यात शेवटी. प्रत्यक्ष ऐकायचं तर एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षातून दोन हंगाम होतात. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री मिरजेत बसायचं, सकाळी मुंबईत.

घरी ऐकताना पंखा बंद करावा लागतो. प्र. ७ मधली ती कुजबुज आमच्या छताच्या पंख्याखाली तीन महिने कोणालाच ऐकू आली नव्हती. आम्हाला वाटायचं रेकॉर्डिंगमध्येच मधे मधे काही नाही. एप्रिल-मेमध्ये मिरजेत पंखा बंद करून पाऊण तास बसणं माणसाचं काम नाही. तेव्हा सिबेलियसची सातवी लावा. एकच सलग भाग आहे, बावीस-तेवीस मिनिटांत संपतो.